आईचे गुडघे दुखतात, घारापुरीच्या पायऱ्या झेपतील का?

झेपतील, घाई मात्र नको. गेटवेहून लाँचने साधारण तासभर, धक्क्यापासून छोटी गाडी, मग सुमारे 120 पायऱ्या. दुतर्फा दुकानं, वर ताडपत्री, त्यामुळे ऊन फारसं लागत नाही. वीसेक पायऱ्या झाल्या की आईंना माळांच्या दुकानाशी जरा टेकू द्या. अगदीच नाही जमलं तर डोलीवाले असतात. भाव आधीच ठरवा. सोमवारी लेणी बंद असतात. हातात कणीस-काकडी नको, माकडं हिसकावतात (माझं गेलंय!). आत सहाव्या शतकातला, जवळपास 20 फुटी सदाशिव, म्हणजे तीन मुखांच्या शिवाचं शिल्प आहे. लगेच फोटो काढू नका. डोळे अंधाराला सरावले की डावीकडच्या मुखातला मिशीवाला अघोर (शिवाचं उग्र रूप) दिसू लागतो, हातात नाग धरलेला.