मुदत उलटलेल्या बिलांची ओळ लाल कशी करावी?

प्रश्न : सोलापूरच्या एमआयडीसीत आमचा टॉवेल विणण्याचा लहान कारखाना आहे. व्यापाऱ्यांना दिलेल्या मालाची बिले आम्ही एक्सेलमध्ये नोंदवतो. ‘डी’ रकान्यात बिलाची तारीख आणि ‘ई’ रकान्यात पैसे जमा झाल्याची तारीख असते. 45 दिवस उलटूनही येणे राहिलेल्या बिलाची पूर्ण ओळ लाल व्हावी, असे आम्हाला हवे आहे. प्रत्यक्षात केवळ तारखेचा चौकोन रंगतो आणि खालच्या कोऱ्या ओळीही लाल होतात.

उत्तर : ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मधील (अटीनुसार चौकोन रंगवण्याच्या सोयीतील) तयार नियम प्रत्येक चौकोनाची स्वतःची किंमत तपासतात, म्हणून शेजारचे चौकोन कोरे राहतात. पूर्ण ओळीसाठी मथळा वगळून ‘ए2’पासून यादीच्या शेवटापर्यंतचा भाग निवडावा आणि ‘न्यू रूल’मधील सूत्राचा पर्याय घेऊन पुढील सूत्र लिहावे (टाइप करताना अक्षरे इंग्रजी असावीत) :

=अँड($डी2<>"",$ई2="",टुडे()-$डी2>$एच$1)

रकान्याच्या अक्षराआधीचे डॉलर चिन्ह येथे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे ओळीतील प्रत्येक चौकोन ‘डी’ आणि ‘ई’ याच रकान्यांकडे पाहतो, तर ओळीचा क्रमांक मात्र बदलत जातो. कोऱ्या ओळी लाल होण्याचे कारण असे, की एक्सेल 1 जानेवारी 1900 हा पहिला दिवस धरून तारखा मोजते आणि रिकामा चौकोन शून्य मानते. साहजिकच तो शंभराहून अधिक वर्षे थकलेला ठरतो. सूत्रातील पहिली अट त्यासाठीच आहे.

‘एच1’मध्ये 45 हा आकडा लिहावा. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या येण्यासाठी 2006च्या कायद्याने 45 दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे, परंतु लेखी करार नसल्यास ती 15 दिवसांचीच असते आणि माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजली जाते. कायद्याच्या आधारे तगादा लावायचा असेल, तर ‘डी’मध्ये बिलाऐवजी ती तारीख नोंदवणे अधिक योग्य, असे आमचे मत आहे.

रंग न आलेली ओळ मात्र निर्धास्तपणे सोडू नये. ‘12.03.2025’ अशी टिंबे देऊन लिहिलेली तारीख एक्सेल बहुधा साधा मजकूर समजते; मग वजाबाकीत चूक येते, नियम लागू होत नाही आणि थकलेले बिल पांढरेच राहते. मुद्दाम बदल केला नसेल, तर खरी तारीख चौकोनात उजवीकडे आणि मजकूर डावीकडे दिसतो. ‘डी’ रकान्यात डावीकडे चिकटलेल्या तारखा शोधून त्या तिरप्या रेघेने पुन्हा लिहाव्यात.