डाग द्यायच्या आधी मीटर लावा

प्रश्न : माझ्या मामांचं मिरजेत १९९४ ते २००२ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. माळा आवरताना त्यांच्या ‘मुस्तफा’ गेमचा सर्किट बोर्ड सापडला. कॅबिनेट आणि वायरिंग जुनंच आहे, पॉवर सप्लाय नवा आणला. चालू केलं की पडद्यावर रंगीत चौकड्यांची नक्षी येते आणि तशीच थिजते. नाणं टाकलं तरी आवाज नाही. इथल्या दुरुस्तीवाल्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, बोर्ड मेला, टाकून द्या. मामांच्या साठीला तो चालू करून दाखवायचा आहे. फोटो जोडलेत.
– एक वाचक, मिरज

उत्तर : टाकू नका. दोन मिनिटांत बोर्ड मेला की जिवंत, हे कुणालाच कळत नाही. मी तेवीस वर्षं हेच काम केलं, मलाही कळलं नाही.

तुमचा गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यातल्या मुस्तफा कैरोवरून आपल्याकडे पोरांनी त्याचं बारसं केलं. अस्सल बोर्डावर एक बॅटरी असते आणि आवाजाच्या प्रोसेसरची किल्ली तिच्याच जोरावर टिकते. बॅटरी संपली की आवाजाची बाजू गेली. तुमच्या फोटोत बॅटरी कुठेच नाही, म्हणजे हा नकली बोर्ड. वाईट वाटून घेऊ नका. माझ्या टेबलावर आलेले बहुतेक ‘मुस्तफा’ नकलीच होते, आणि दुरुस्तीला ते सोपे, कारण बरेचसे आयसी (चिपा) बाजारात मिळणारे असतात.

आता फोटोतली मला खटकलेली गोष्ट. सप्लायपासून बोर्डापर्यंत ५ व्होल्टची लाल वायर एकच आहे, तीही घंटीच्या वायरीसारखी बारीक. तुमचा कनेक्टर जामा (गेमच्या बोर्डांचं ठरलेलं मानक) पद्धतीचा, म्हणजे एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८ पिना. त्यात ५ व्होल्टसाठी चार पिना ठेवल्यात : ३ आणि ४, आणि मागच्या बाजूला सी आणि डी. चार कशाला? बोर्ड कित्येक अँपिअर खेचतो, तो भार एका पिनेवर आला की पीन तापते, काळी पडते आणि वाटेतच व्होल्टेज खाते.

१९९८च्या उन्हाळ्यात कल्याणहून एक पार्लरवाले एकच बोर्ड तीनदा घेऊन आले. माझ्याकडे तासन्‌तास चालायचा, त्यांच्याकडे बंद. दुसऱ्या खेपेला मी त्याच्या दोन चांगल्या रॅम (मेमरीच्या चिपा) उगाच बदलल्या, त्याचे पैसेही घेतले. शेवटी त्यांच्या दुकानात गेलो. सप्लायवर बरोबर ५, बोर्डावर ४.४. कनेक्टरच्या ३ आणि ४ नंबरच्या पिना कोळशासारख्या झाल्या होत्या. ते पैसे मी परत केले आणि त्या दिवसापासून बोर्डावर मोजल्याशिवाय डाग द्यायची (सोल्डरिंगची) इस्त्री गरम करायची नाही, हे ठरवून टाकलं.

तर तुम्ही आधी बोर्ड बंद करून कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबरानं घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. चारही पिनांना जाड वायर द्या, जमिनीच्या (ग्राउंडच्या) वायरीही तितक्याच जाड. कनेक्टर उलटा बसवू नका. ७ नंबरच्या जागी खाच असते, ती बघून लावा. मग चालू करून मल्टिमीटरची दोन्ही टोकं सप्लायवर नव्हे, बोर्डावरच्याच एखाद्या आयसीच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या पायांवर ठेवा. ४.७५च्या खाली असेल तर पुढचं काही बघूच नका, आधी ते सुधारा. पण वायर तशीच ठेवून सप्लायचा स्क्रू पिळत बसू नका. ५.२५च्या वर गेलात तर चांगले आयसीही जातील.

५ व्होल्ट नीट असूनही नक्षी थिजलेलीच राहिली, तर सगळ्यात लांब, ६४ पायांचा आयसी शोधा. तो ६८०००, मुख्य प्रोसेसर. लॉजिक प्रोब (पायावरचा सिग्नल वर आहे की खाली ते दाखवणारी पेनासारखी सळई) घ्या, साधा चालेल. १५ नंबरच्या पायावर घड्याळाचे ठोके (क्लॉकचा सिग्नल) हवेत. १८ म्हणजे रीसेट, १७ म्हणजे हॉल्ट. चालू करताना दोन्हींचा सिग्नल क्षणभर खाली राहून वर यायला हवा. १८ वर आला आणि १७ खालीच अडकला, तर बहुधा प्रोसेसरनं स्वतःच हात टेकलेत. उठल्याबरोबर तो रॉममधले (गेमचा प्रोग्राम साठवलेल्या चिपांमधले) पहिले ८ बाइट वाचतो, काम कुठून सुरू करायचं ते त्यात असतं. तिथंच कचरा मिळाला तर तो पुढं जाऊच शकत नाही.

मला हाच संशय जास्त आहे. प्रोसेसरशेजारच्या खिडकीवाल्या ईप्रॉम, म्हणजे त्याच रॉम, बेसवर (सॉकेटवर) बसवलेल्या आहेत, आणि फोटो मोठा करून पाहिला तर त्यांचे पाय काळे पडलेले दिसतात. एकेक करून काढा, कुठली कुठे होती आणि खाच कुठल्या बाजूला होती ते कागदावर लिहून ठेवा. पाय हळुवार घासा. जोर लावला तर मोडतात आणि मग काम वाढतं. खिडकीवरचं स्टिकर निघालं असेल तर लगेच दुसरं चिकटवा, उन्हानं आतलं हळूहळू पुसलं जातं. परत बसवताना एकही पाय बेसबाहेर दुमडलेला नको.

एवढं करून बोर्डावरचं व्होल्टेज आणि १७, १८ची स्थिती मला कळवा. साठी नेमकी कधी आहे तेही लिहा, म्हणजे रॉम नव्यानं भरून पाठवायला किती दिवस हातात आहेत ते मला कळेल.