गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा आमदार कसे झाले? तो देशातला विक्रम आहे का?

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. विक्रमाचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं.

देशातला विक्रम म्हणून जे फिरतं ते बरोबर नाही. केरळमध्ये के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले. ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा. करुणानिधीही १३ वेळा आमदार झाले, पण त्यांचे मतदारसंघ बदलत गेले. महाराष्ट्रात मात्र एकाच मतदारसंघातून ११ वेळा निवडून आलेला दुसरा आमदार नाही. मी सांगोला तालुक्यातलाच. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो आणि माझं त्यांच्यावर प्रेम आहे. म्हणूनच त्यांच्या नावावर चुकीची गोष्ट खपवलेली मला आवडत नाही.

आता 'कसे झाले' याकडे येतो.

आबा मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. कायद्याचं शिक्षण घेऊन सांगोल्यात वकिलीला आले आणि शेतकरी कामगार पक्षाचं (शेकाप) काम करू लागले. १९६२ साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, ते आमदार झाले. तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. शेवटची टर्म संपली २०१९ ला, तेव्हा मुख्यमंत्री होते देवेंद्र फडणवीस. मधल्या काळात किती सरकारं आली आणि गेली, पण आबांचा पक्ष तोच राहिला आणि मतदारसंघही तोच राहिला. ज्यांनी शेकाप काढला ते केशवराव जेधे, शंकरराव मोरे हेसुद्धा पुढं काँग्रेसमध्ये परतले. आबांसारख्या माणसाला काँग्रेसची दारं कधीच बंद नव्हती, असं मला वाटतं. ते गेले नाहीत.

त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी तुम्ही पेपरात वाचल्या असतील. एसटीनं फिरणारा आमदार वगैरे. त्या खऱ्याच आहेत. पण नुसत्या साधेपणावर कुणी ११ वेळा निवडून येत नाही. दुसरं कारण बाहेरची माणसं पटकन सांगतात ते जातीचं. तालुक्यात धनगर समाज मोठा, आबा त्याच समाजातले, संपला विषय. मला हे पटत नाही. ही मतं १९७२ लाही होती आणि १९९५ लाही होती. दोन्ही वेळा आबा पडले.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन पराभवांत आहे. विजयांची यादी सगळे सांगतात : १९६२, १९६७, मग १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. या यादीत दोन ठिकाणी खंड आहे. १९७२ ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. दोनच वर्षांत पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी आबांना परत पाठवलं. पुढं १९७७ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री. हा भाग पटकन सांगून टाकतो, कारण मला सांगायचंय ते १९९५ चं.

१९९५ ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी आबांना पाडलं. किती मतांनी? १९२. आमच्या गावच्या एका वस्तीवर एवढी मतं निघतात.

मी तेव्हा पाचवीत होतो. निकालाची बातमी रात्री आली. माझे आजोबा चावडीपुढच्या कट्ट्यावर बसून बोटांवर काहीतरी मोजत होते. फेब्रुवारीतलं मतदान, त्यामुळं कितीतरी घरं ऊसतोडीला गेलेली. ते एकेका घराचं नाव घ्यायचे आणि बोट मुडपायचे. अमक्याची चार, तमक्याची तीन. मग मध्येच थांबले. पणजी अंथरुणाला खिळली होती आणि मतदानाची शाळा दीड मैलावर. 'म्हातारीला कुठं न्यायचं आता' म्हणून त्यांनीच त्या दिवशी गाडी जुंपली नव्हती. १९२ मध्ये एक मत आपल्या घरचं आहे, हे त्यांना फार लागलं. 'आबा पडले' असं ते कधी म्हणाले नाहीत. 'आपण पाडलं' असंच म्हणायचे.

१९९९ ला मतदान सप्टेंबरात होतं. बाजरी काढायला आली होती. त्या दिवशी आजोबांनी दिवस उगवायच्या आत गाडी जुंपली, खाली कडबा टाकून वर वाकळ अंथरली आणि पणजीला दोघांनी धरून गाडीत निजवलं. मी मागं बसून तिच्या डोक्यावर छत्री धरली होती. शाळेच्या पायरीवर तिला उचलून घेतलं तेव्हा तिनं विचारलं, "शिक्का कुठं मारायचा?" आबा त्या वेळी निवडून आले.

तुम्ही म्हणाल, ही भावना झाली. पण ही भावना कुठून येते ते बघा. पडलेला आमदार साधारणपणे पुण्या-मुंबईला राहायला जातो, नाहीतर निवडून आलेल्या पक्षात जातो. १९९५ ते १९९९ मध्ये आबा सांगोल्यातच होते आणि पाण्याच्या कामाला लागलेले होते.

पाण्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ते कळल्याशिवाय आबा कळत नाहीत. सांगोला पर्जन्यछायेत येतो. माण नदी तालुक्यातून जाते, पण वर्षातले बरेच महिने ती वाळूचीच असते. नीरा उजव्या कालव्याचे फाटे येतात तेही कालव्याच्या टेलला, त्यामुळं वरचे भिजवून उरलं तर आमच्याकडं. कृष्णेचं पाणी उचलून आणल्याशिवाय इलाज नव्हता. १९९३ मध्ये आटपाडीला पाणी परिषद सुरू झाली. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि डॉ. भारत पाटणकर ही त्यातली मोठी नावं. सातारा, सांगली, सोलापूरकडच्या १३ दुष्काळी तालुक्यांची ती चळवळ. मागणी नुसती 'पाणी द्या' अशी नव्हती. प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा मिळाला पाहिजे, अगदी भूमिहीनालासुद्धा, अशी होती. समन्यायी पाणीवाटप हा शब्द मी पहिल्यांदा आजोबांच्या तोंडून ऐकला. शाळा चौथीपर्यंत झालेला माणूस तो शब्द न अडखळता म्हणायचा.

त्याच सुमारास सरकारलाही घाई होतीच. कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेलं कृष्णेचं पाणी २००० सालापर्यंत अडवून वापरायचं होतं. त्यासाठी १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना कागदावरून जमिनीवर आल्या त्या या दोन रेट्यांमुळं : खालून पाणी परिषद, वरून लवादाची मुदत. टेंभूला कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं चढवत आणतात. सांगोला त्याच्याही शेपटाला.

१९९९ ला निवडून आल्यावर विलासराव देशमुखांच्या सरकारात आबा मंत्री झाले. रोजगार हमी त्यांच्याकडं होती. दुष्काळी तालुक्याच्या माणसाकडं ते खातं येणं मला फार योग्य वाटतं, कारण रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून जगलेली पिढी आमच्या घरात आहे. २००२ मध्ये शेकाप सरकारमधून बाहेर पडला आणि मंत्रिपद गेलं. त्यानंतरही २००४, २००९ आणि २०१४ ला ते निवडून आले. २०१४ ला त्यांचं वय ८७-८८ होतं आणि समोर पुन्हा शहाजीबापूच होते, या वेळी शिवसेनेकडून.

पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट त्यांनी उभी केली, ती म्हणजे शेतकरी सहकारी सूतगिरणी. ज्या तालुक्यात कापूस फारसा पिकत नाही तिथं सूतगिरणी काढली आणि ती नीट चालवून दाखवली. राज्यातल्या किती सहकारी गिरण्या बंद पडल्या ते तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या गावची पोरं तिथं पाळीला जायची, महिन्याला पगार आणायची. पावसावर अवलंबून नसलेला पैसा घरात येणं म्हणजे काय, हे कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा.

आता टीकाही करतो, नाहीतर हे उत्तर अर्धवट राहील. पाणी यायला फार उशीर झाला. २०१२-१३ च्या दुष्काळात माझी आई जनावरं घेऊन महिनोन्महिने चारा छावणीत राहिली. वडील डाळिंबाची बाग जगवायला टँकर विकत घ्यायचे. रात्री टँकर आला की बॅटरी घेऊन झाडाझाडाला पाइप फिरवायचा आणि मनात आकडे मोजायचे. वीस झाले की पुढचं झाड. तो आकडा तिसावर गेला तर शेवटच्या ओळीला पाणी पुरायचं नाही. तेव्हा मी स्वतः रागानं म्हणालो होतो की एवढी वर्षं आमदार असून काय उपयोग. तो राग खोटा नव्हता. आबांची बहुतेक वर्षं विरोधी बाकांवर गेली आणि विरोधी आमदाराच्या तालुक्याला निधी कसा मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. पक्षनिष्ठेची किंमत त्यांच्याबरोबर तालुक्यानंही मोजली. वडिलांना हे पटत नाही. ते म्हणतात, आबा सत्तेत गेले असते तर रस्ते लवकर झाले असते, पण १३ तालुक्यांचा पाण्याचा लढा झाला नसता. आमच्यात यावर अजून वाद होतो.

दुसरी उणीव म्हणजे पुढची फळी. २०१९ ला वयामुळं त्यांनी उभं राहायचं नाही असं ठरवलं, तेव्हा उमेदवारी अखेर घरातच, नातू डॉ. अनिकेत देशमुख यांच्याकडं गेली. कार्यकर्त्यांच्या पक्षात दुसरा माणूस पुढं यायला हवा होता, हे माझं प्रामाणिक मत. ती निवडणूक शहाजीबापूंनी ७६८ मतांनी जिंकली. तेच शहाजीबापू, जे २०२२ मध्ये गुवाहाटीतून 'काय झाडी, काय डोंगार' म्हणाले म्हणून तुम्हाला माहीत असतील.

३० जुलै २०२१ ला सोलापुरात आबा गेले. आजोबा त्याआधीच गेले होते, ते एका अर्थानं बरंच झालं. २०२४ ला आबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले, २५ हजारांहून जास्त मतांनी. सध्याच्या विधानसभेत शेकापचे ते एकटेच आमदार.

२०२४ च्या त्या मतदानाला मी पुण्याहून रात्रीच्या गाडीनं गेलो होतो. सकाळी वडील बागेत होते. टेंभूचं पाणी माणेत सोडलं की आमच्या विहिरीला पाझर येतो, तसा तो आला होता. त्यांनी मोटर बंद केली, हातपाय धुतले आणि मला म्हणाले, "चल, आधी ते उरकून येऊ. १९२ चं लक्षात आहे ना?"