रात्री बाराची लाइन

प्रिय मॅडम,

तू पत्राखाली सही म्हणून हेच लिहिलं आहेस, तेव्हा मीही तीच हाक मारते.

वाचकांसाठी तुझं पत्र थोडक्यात सांगते. तू नागपूरची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. घरच्यांनी स्थळांचा तगादा लावलेला आणि तुला राज्यसेवेचा अभ्यास शांतपणे करायचा होता. तो त्याच गावचा, सहा एकरांचा शेतकरी, वय 34. नोकरी नाही म्हणून मुलींचे नकार येत होते आणि आजारी आईला सून बघायची होती. तुम्ही दोघांनी साध्या कागदावर करार लिहिला: दोन वर्षांचं लग्न, खोल्या वेगळ्या, किराणा अर्धा-अर्धा, नंतर आपापली वाट. ही मुदत येत्या मे महिन्यात संपते. त्याने मात्र आत्ता तुझी खोली रंगवायला काढली आहे. त्याचं मन न दुखवता त्याला कराराची आठवण कशी करून द्यावी, हे तू विचारतेस.

पुढची तीन पानं तुमचं कसं पटत नाही याची आहेत. तू हिशेबाची वही ठेवतेस, तो वांगी काय भावानं आणली विचारलं तर ‘असन काही’ म्हणतो. तुला तिखट सोसत नाही, तो पोह्यांवरही तर्री ओततो. तू वर्गात शुद्ध बोलायला शिकवतेस आणि तो शाळेच्या फाटकाशी उभा राहून पोरांना विचारतो, ‘सांगा रे पोट्टेहो, मॅडम आज कोनावर भडकल्या?’ वर त्यांना खिशातली बोरं वाटतो. ही पानं मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा मनापासून हसले.

पण माझं उत्तर त्या पानांना नाही. ते शेवटच्या ओळीला आहे, जी तू केवळ माफी मागायला लिहिलीस: ‘अक्षर वाईट आलंय. या आठवड्यात लाइन रात्री बाराची आहे, त्यामुळे खूप उशिरा लिहायला बसलेय.’

अगं, शेताच्या लाइनीचा, म्हणजे तिथे वीज येण्याच्या वेळेचा, आणि तुझ्या पत्राचा संबंध काय? कृषीपंपांचा फीडर, म्हणजे वीज आणणारी वाहिनी वेगळी, गावठाणाची वेगळी. तुझ्या खोलीतला दिवा संध्याकाळी सातलाही लागतो. रात्री बाराला वीज येते ती डीपीवरून, म्हणजे शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरवरून, त्याच्या विहिरीवरच्या मोटारीला. ती आली की तो हरभरा ओलवायला वावरात जातो आणि थंडीत पहाटेपर्यंत स्प्रिंकलरचे पाइप बदलत राहतो. तुला सकाळी शाळा आहे. तुझी खोली वेगळी आहे, करारात तसं लिहिलंच आहे. मग तू जागी का होतीस?

आणि एकाच रात्रीची ही गोष्ट नाही. ‘या आठवड्यात’ म्हणतेस, म्हणजे मागच्या आठवड्यात लाइन दिवसाची होती हेही तुला माहीत आहे. तुला वीज कंपनीचं वेळापत्रक पाठ आहे! त्याच्याबद्दल तक्रार करताना मध्येच लिहून गेलीस की ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेचा अर्ज मलाच भरावा लागला, त्याला पोर्टल उघडताच येत नाही. मे महिन्यात निघून जाणारी बाई त्या पंपासाठी का धडपडते? सौरपंप दिवसा चालतो. तो बसला की रात्री धुऱ्यावर पाय टाकायची वेळ येत नाही, मण्यार-घोणसची भीती नाही, अंधारात अंगावर येणारं रानडुक्कर नाही. हे सगळं तुला ठाऊक होतं म्हणून तू अर्ज भरलास.

त्याचं मन दुखेल का, हा विचार आता पुरे. तो भोळा आणि तू हिशेबी, असं चित्र तू रंगवलं आहेस, ते मला मान्य नाही. खोली रंगवायला काढणाऱ्या माणसाला करार चांगला आठवतो. त्याला तोंडानं विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून त्याने चुना कालवला. त्याच्याबद्दल एवढंच.

आता तुझ्या कागदाचं. मुदतीचं लग्न आपल्या कायद्यात नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली संमतीने घटस्फोट मागायचा तर आधी वर्षभर वेगळं राहिल्याचं दोघांना न्यायालयात सांगावं लागतं. एका छपराखाली राहूनही वेगळं राहणं होऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच मान्य केलं आहे. वेगळं म्हणजे नवरा-बायकोसारखं न राहणं. म्हणजे खोल्या दोन आहेत की एक, एवढ्यावर ते ठरत नाही. तू शपथेवर काय सांगशील? हा माणूस रात्री शेतात गेला की मला काही वाटत नाही, असं? तू खोटं बोलणारी नाहीस, हे चार पानांवरून मला कळलं आहे.

राज्यसेवा सोडू नकोस, त्यात माघार नाही. निकाल लागून उद्या गडचिरोलीला नेमणूक मिळाली तर कोणी कुठे राहायचं ते दोघांनी बसून ठरवा. हजारो नोकरदार जोडपी ठरवतात.

त्याला आठवण वगैरे करून देऊ नकोस. या आठवड्यात लाइन रात्रीची आहे तोवर एकदा त्याच्याबरोबर वावरात जा. गमबूट घाल, हातात बॅटरी आणि काठी घे, पायाखाली बघून चाल. तो म्हणेलच, ‘मॅडम, तुमी कायले येता, झोपा न.’ ऐकू नकोस. मोटार सुरू झाली, पहिले पाइप लागले, की पुढच्या पाळीपर्यंत तुमच्याकडे भरपूर वेळ असतो. तेव्हा त्याला सरळ सांग की मे महिन्यात मी जाणार नाही, आणि तू रात्री बाहेर असलास की मला झोप लागत नाही. एवढी दोनच वाक्यं. त्यांना करार, मुदत, आईंची तब्येत यांचं शेपूट जोडू नकोस.

आणि दुसऱ्या दिवशी शाळा आहे, ही सबब मला सांगू नकोस. जागरण तर तू तसंही करतेच आहेस.

तुझी,
ताई