निवृत्तीच्या रकमेवर दशांश किती आणि कधी द्यावा?

गेल्या महिन्यात निवृत्त झालेल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. अडतीस वर्षं त्यांनी दर महिन्याला, कापून जाण्याआधीच्या पूर्ण पगारावर दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, चर्चच्या मंडळीला दिला. आता निवृत्तीची रक्कम एकदम हातात आली आहे. तिचा दहावा भाग ताबडतोब मंडळीला द्यायचा असं त्यांच्या मनात आहे. घराच्या कर्जाची सहा वर्षं अजून बाकी आहेत, म्हणून पत्नीचं म्हणणं असं की कर्ज फिटेपर्यंत दशांश थांबवावा. वृद्ध आई त्यांच्याकडेच असते. ते विचारतात, ‘‘देवाला द्यायच्या पैशाचा हिशेब करणं म्हणजे अविश्वास तर नाही ना? लोक सांगतात, तू दे, देव दुप्पट करून देईल.’’

सलाम. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो सुटला की बाकीचं सोपं होतं. हिशेब करणं अविश्वास नाही. बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे प्रभू येशूचंच उदाहरण आहे (लूक 14). दुप्पट मिळण्याच्या आशेसाठी लोक जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार घेतात. मीही तो अध्याय आयुष्यभर वाचत आलो आहे. दशांश भांडारात आणा, हे दहाव्या वचनात आहे. पण त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात मजुराची मजुरी बुडवणारे आणि विधवा-अनाथांना छळणारे यांच्यावर न्यायाचा इशारा आहे. ज्याचं देणं आहे त्याला ते द्या, असं तो अख्खा अध्याय सांगतो. देवाच्या आशीर्वादावर माझा विश्वास आहे, पण तुमच्या आराखड्यात मी तो परताव्याच्या रकान्यात लिहिणार नाही.

ही गोष्ट मी ठोकर खाऊन शिकलो. तरुणपणी माझा दशांश कधी चुकला नाही. पहिल्या रविवारी पाकीट भरलेलं असायचं. त्याच काळात एका मित्राकडून उसने घेतलेले पैसे परत करायला मी ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणत होतो, आणि हे चौदा महिने चाललं. मित्र कधी बोलला नाही. एकदा त्याच्या घरी गेलो असताना कळलं की त्याने स्वतःची एक निकड माझ्यामुळे पुढे ढकलली होती. त्या दिवशी मला समजलं की माझ्या पाकिटातला काही भाग माझा नव्हताच, तो त्याचा होता. तेव्हापासून दशांश काढण्याआधी मी एक प्रश्न विचारतो: यातलं माझं किती?

तुमच्या रकमेलाही हाच प्रश्न लावू. तिचे शंभर भाग कल्पू या. तुमच्या कागदांवरून त्यातले साधारण चाळीस भाग तुमच्या स्वतःच्या पगारातून कापले गेलेले आहेत. पूर्ण पगारावर दशांश दिल्यामुळे त्या चाळीस भागांचा दहावा हिस्सा तुम्ही कधीच देऊन बसला आहात. उरलेले साठ भाग म्हणजे नोकरी देणाऱ्याचा वाटा आणि इतक्या वर्षांचं व्याज. ते तुमच्या हातात पहिल्यांदाच येत आहेत. तेव्हा नव्याने द्यायचा दशांश सहा भागांचा होतो, दहाचा नाही.

ही पळवाट वाटू नये म्हणून मूळ नियम पाहा. अनुवाद 14 मध्ये दशांश आहे तो शेतात वर्षाला येणाऱ्या उत्पन्नाचा. एकदा दशांश काढलेलं धान्य कोठारात पडून आहे म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचं नव्हतं. लेवीय 27 मध्ये गुराढोरांचा नियम आहे: काठीखालून जाणारं दर दहावं जनावर परमेश्वराचं. शब्दशः वाचलं तर ज्याच्याकडे नऊच वासरं निघाली त्याच्यावर त्या मोजणीत काही लागू होत नव्हतं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. नियम देणाऱ्याला माणसाची परिस्थिती दिसत होती. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा होता, लेवी (मंदिराच्या सेवेसाठी नेमलेला वंश), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. नव्या करारात तर पौल करिंथच्या मंडळीला आकडा सांगतच नाही. ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून देणं मान्य होतं, नाही त्यावरून नाही, आणि ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नाही, असं तो लिहितो (2 करिंथ 8 आणि 9). दशांश न दिल्यास बहिष्काराची शिक्षा 585 साली फ्रान्समधल्या माकों इथल्या धर्मसभेने ठरवली आणि आठव्या शतकात फ्रँक राजा शार्लमेनच्या राज्यात दशांश देणं हा कायदा झाला. तुमच्या मनात जी धास्ती आहे तिचं मूळ पौलाच्या पत्रात सापडत नाही.

आता आई. कुर्बानचा प्रसंग तुम्हाला माहीत असेलच (मार्क 7). आईवडिलांना ज्याचा उपयोग झाला असता ते ‘देवाला वाहिलं’ म्हणून सांगायचं आणि हात झटकायचे, यावर येशूने फार कडक शब्द वापरले आहेत. म्हणून तुमच्या शंभर भागांतून पहिला बाजूला निघेल तो आईच्या आजारपणाचा आणि घराच्या अडीअडचणीचा निधी. तुमच्या घराचा वर्षाचा खर्च सात भाग आहे, तेवढा, म्हणजे सात भाग, चटकन काढता येईल अशा ठिकाणी ठेवा. त्यावर व्याज कमी मिळालं तरी चालेल.

कर्ज आहे पंधरा भागांचं. तुमच्या कर्जाचा व्याजदर सुरक्षित ठेवीवर कर भरून हाती राहणाऱ्या व्याजापेक्षा जास्त आहे, आणि मुदतीआधी फेडण्याचा दंड तुम्ही कळवलेल्या करारात नाही. तर फेडून टाका. यामुळे तुमच्या पत्नीची काळजीही मिटते आणि दशांश थांबवायचं कारण उरत नाही. मात्र त्यांचं म्हणणं मुळात चुकीचं नव्हतं, हे त्यांना माझ्याकडून सांगा. हप्ते थकलेले असते आणि फेडायला ही रक्कम नसती, तर मीही आधी सावकाराचं द्या असंच म्हणालो असतो.

उरलेल्याचं गणित असं. पेन्शन वर्षाला चार भाग येते, खर्च सात भाग, म्हणजे दरवर्षी तीन भाग जमापुंजीतून काढावे लागणार. या सात भागांत पेन्शनचा आणि व्याजाचा नेहमीचा दशांश धरलेला आहे, तो चालूच राहील. दहा भाग देऊन, कर्ज फेडून, निधी बाजूला काढून अडुसष्ट उरतात आणि त्यावर तीन म्हणजे 4.4 टक्के होतात. सहा दिले तर बहात्तर उरतात, आणि उचल 4.2 टक्क्यांच्या आसपास येते. आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून दाखवलं होतं की पहिल्या वर्षी 4 टक्के काढून पुढे महागाईप्रमाणे वाढवत गेलं तर पुंजी तीस वर्षं पुरते. ते एका देशाचे आकडे आहेत, हमी नाही, तरी कुंपण म्हणून मी ते वापरतो. दहा दिले काय किंवा सहा दिले काय, तुम्ही कुंपणाच्या थोडे बाहेर आहात.

पण आता खर्चाकडे बघा. सातच्या जागी 6.7 भागांत घर चालवता आलं तर उचल 2.7 वर येते. बहात्तरवर ती 3.75 टक्के होते आणि अडुसष्टवरसुद्धा चारच्या किंचित खाली राहते. वर्षाच्या खर्चात ही एवढीशी काटकसर तुमच्या भविष्यासाठी त्या चार भागांच्या वादापेक्षा जास्त वजनाची आहे. अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्याबद्दल सांगतात की वर्षाला 30 पौंड मिळत तेव्हा ते 28 मध्ये भागवून 2 देत. मिळकत 60 झाली तरी खर्च 28 च राहिला आणि दान 32 वर गेलं. आपण मंडळीत दहाव्या भागाबद्दल खूप बोलतो. कारभारी असणं मात्र मला उरलेल्या नऊ भागांत दिसतं, आणि माझ्या चाळीस वर्षांच्या कामात ज्यांचं देणं म्हातारपणीही टिकलं ते सगळे खर्च आवरणारे लोक होते. त्यात मोठ्या पगाराचे फार थोडे होते.

म्हणून माझा सल्ला सहा भागांचा आहे, आणि तोही एकदम नको. दोन भाग या महिन्यात द्या, मग वर्षाच्या अंतराने दोन-दोन. ते चार भाग आत्ताच वेगळ्या ठेवीत टाका म्हणजे ते खर्चात मिसळणार नाहीत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बाजार पडला किंवा आजारपण आलं तर पुंजीला सर्वांत जास्त मार बसतो, तेवढा काळ तुमच्या हातात लवचिकता राहील. पाळकांना आधीच सांगून ठेवा, त्यांनाही वर्षाचा अंदाज बांधता येतो. सहातला एक भाग मंडळीतल्या किंवा शेजारच्या एखाद्या निराधार घरासाठी राखता आला तर तिसऱ्या वर्षीच्या दशांशाची आठवण ठेवून तसं करा.

मग दहा आणि सहा यांच्यातले उरलेले चार भाग? तुमच्या मनाने ते देवापुढे कबूल केलेच असतील तर मी ते मोडायला सांगणार नाही. दोन वर्षं 6.7 भागांत घर चालतं का हे आधी पाहा. चाललं तर द्या. नाहीतर ते मृत्युपत्रात मंडळीच्या नावे लिहा, पत्नीच्या हयातीपर्यंतचा वापर त्यांच्याकडे ठेवून. मृत्युपत्र केलेलं नाही असं तुम्ही लिहिलं आहे, ते काम कर्ज फेडण्याच्या आठवड्यातच उरका. आणि हे पत्र पत्नीसोबत बसून वाचा. अडतीस वर्षं तुमच्या दशांशाचा महिना त्यांनीही चालवला आहे, तेव्हा पहिल्या दोन भागांच्या पाकिटावर दोघांची नावं असू द्या.