फाळणीचं संग्रहालय मुलांना दाखवावं का?

सुट्टीत अमृतसरला जायचं ठरलं की सुवर्णमंदिर आणि वाघा बॉर्डर यांबद्दल कुणाला शंका नसते. अडतं ते जालियनवाला बाग आणि तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर टाउन हॉलमध्ये असलेल्या फाळणी संग्रहालयापाशी. "एवढं भयंकर मुलांना दाखवायचं का?" हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे येतात. पुण्यातल्या कोथरूडचं एक जोडपं तर यावरून भांडूनच आलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी पंधरा वर्षांची, मुलगा तेरा. वडिलांचं म्हणणं, मुलांना खरा इतिहास कळलाच पाहिजे. आईचं म्हणणं, "एखादा सिनेमा बघितला तरी ही आठवडाभर आमच्या खोलीत झोपते. तिला हे कशाला?"

मी म्हटलं, तिलाच विचारा. पण विचारण्याआधी तिथे काय आहे ते सांगा. 1947 साली दीड कोटीच्या आसपास माणसं घरदार सोडून निघाली, लाखो मारली गेली. बायकांवर अत्याचार झाले. त्या भीतीपोटी कित्येकींनी विहिरीत उड्या घेतल्या, काहींना घरच्यांनीच मारलं. संग्रहालयात या बायकांची आठवण म्हणून एक विहीर उभारलेली आहे. हे आईच्या तोंडून, घरी, जेवणं झाल्यावर ऐकणं वेगळं आणि तिथे अंधाऱ्या दालनात अचानक समोर येणं वेगळं. शिवाय मुलीला आधीच सांगून ठेवायचं: नको वाटलं तर बाहेर यायचं, कुणी कारण विचारणार नाही.

जाण्याआधी एका रविवारी नगर रोडच्या आगाखान पॅलेसला जाऊन या, असंही सुचवलं. गांधीजींना 1942 च्या ऑगस्टमध्ये तिथे स्थानबद्ध केलं. त्याच महिन्यात त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांचं तिथे निधन झालं, 1944 च्या फेब्रुवारीत कस्तुरबांचं. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. मृत्यूची आठवण जपणाऱ्या जागी आपली मुलं कशी वावरतात, हे पालकांना घराजवळच कळतं.

ते अमृतसरला जाऊन आले आणि पुन्हा माझ्याकडे आले, मात्र मुलासाठी. मुलगी व्यवस्थित होती. लोकांनी सोबत आणलेल्या वस्तू ती बराच वेळ बघत राहिली, फुलकारीच्या, म्हणजे पंजाबी भरतकामाच्या, एका कोटापाशी तर खूपच. मुलगा मात्र त्या विहिरीपाशी हसला. वडील सगळ्यांसमोर ओरडले, "लाज वाटत नाही?" तेव्हापासून तो त्यांच्याशी धड बोलत नव्हता.

या वयातल्या मुलाचं असं हसणं मी असंवेदनशीलता मानत नाही. जे पेलवत नाही ते अंगावर आलं की कुणी हसतं, कुणी मोबाइल काढतं, कुणी आकडे पाठ करतं. हाही जालियनवाला बागेतले आकडे मला घडाघडा सांगत होता: 13 एप्रिल 1919, 1650 गोळ्या, सरकारी हिशेबाने 379 मृत, काँग्रेसच्या चौकशीत हजाराच्या आसपास. मी सगळं ऐकून घेतलं. विहिरीबद्दल विचारलं तर म्हणाला, "माहीत नाही. हसू आलं." त्यावर मी खोदून विचारलं नाही.

पुढच्या भेटीत त्याने आपणहून विचारलं, "तेव्हा आपण तिथे असतो, तर बाबांनी ताईला ढकललं असतं?"

एवढे दिवस हे पोर हा प्रश्न मनात घेऊन फिरत होतं, आणि ज्यांना विचारायचा तेच त्याच्यावर ओरडले होते. मी त्याच्या परवानगीने वडिलांना आत बोलावलं. त्यांना एवढंच आधी सांगितलं की "काहीतरीच काय विचारतोस" असं म्हणू नका. त्यांनी प्रश्न ऐकला, थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "नाही. पण त्या वडिलांनाही आदल्या महिन्यापर्यंत असंच वाटत असेल. म्हणून मला तिथे भीती वाटली, आणि मी तुझ्यावर ओरडलो." मला त्या उत्तराचं फार मोल वाटतं. मुलांना आईवडिलांची भीती दिसली तर चालते. ती रागाच्या रूपात त्यांच्यावर कोसळली की मुलं गोंधळतात.

मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची होती. संग्रहालय बघून त्याच संध्याकाळी हे लोक वाघा बॉर्डरवरच्या सैनिकी संचलनाच्या जल्लोषात जाऊन बसले होते. मुलाच्या डोक्यात दोन्ही एकत्र झालं आणि "त्यांनी आपल्याला मारलं" एवढंच उरलं. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, या दोन गोष्टी एका दिवशी नकोत. संग्रहालयानंतरची संध्याकाळ मोकळी ठेवा. प्रेतांनी भरलेल्या रेल्वेगाड्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पोचल्या, दोन्ही बाजूंना माणसांनी शेजाऱ्यांना मारलं आणि शेजाऱ्यांना लपवूनही ठेवलं, हे मुलांना त्याच दिवशी, आपल्याच तोंडून कळायला हवं.

मुलाच्या वर्गातल्या एका मित्राचे आजोबा पिंपरी कॅम्पात राहतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी उभी राहिलेली ही वसाहत. आजोबा लहानपणी बोटीने कराचीहून मुंबईला आले, हे मुलाला आत्ताच कळलं आणि आता त्याला त्यांना भेटायचं आहे. मी म्हटलं, जरूर जा, पण विहीर आणि मारामारी तुझ्याकडून काढू नकोस. घर कसं होतं, शाळा कुठे होती, बोटीत काय खाल्लं, हे विचार. त्यांनी विषय बदलला तर बदलू दे. आईने विचारलं, फोनवर रेकॉर्ड करून घेऊ का? मी सांगितलं, आजोबांना विचारून, आणि पहिल्या भेटीत नको.