त्याचं दुखणं वगळून त्याची आठवण कशी काढायची?

‘ताई, माझा धाकटा भाऊ तेविसाव्या वर्षी सिकलसेलनं गेला. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा सेवक होता. गावातली संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना त्याच्याशिवाय सुरू होत नसे, खंजिरी तोच वाजवायचा. जानेवारीत त्याची वर्षी आहे. बाबांना गावजेवण घालायचंय. मंडळाचे लोक म्हणतात, तू दोन शब्द बोल. घरून मात्र ताकीद आहे की आजाराचं नाव काढायचं नाही, धाकटीचं लग्न जमवायचंय. सगळे सांगतात, पोरगा कसा हसतमुख होता, कधी कुरकुर केली नाही. रात्री त्याच्याजवळ मी असायचे. तो ओरडायचा. एकदा खंजिरी भिंतीवर फेकून म्हणाला, “मले नाही यायचं प्रार्थनेले, सांग तुह्या देवाले.” चौथ्या दिवशी स्वतःच टोपी घालून गेला. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आई विचारते, एवढी भक्ती करणारं लेकरू देवानं काहून नेलं? मी काय बोलू?’
— एक बहीण, वर्धा जिल्हा

बाळ,

ती खंजिरीची रात्र वर्षभर तू एकटीनं उराशी धरून बसलीस, याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं. तू ती लपवतेस, कारण तुला वाटतं की ती सांगितली तर त्याची श्रद्धा लोकांच्या नजरेत उणी ठरेल. मला अगदी उलट वाटतं. लोकांनी त्याला पाहिला तो संध्याकाळचा तासभर, अंघोळ करून, भगवी टोपी घालून बसलेला. बाकीचा दिवस आणि सगळ्या रात्री तू पाहिल्यास. सिकलसेलचा क्रायसिस, म्हणजे अचानक उठणाऱ्या असह्य वेदनांचा झटका, काय असतो, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना ‘हसतमुख’ म्हणणं सोपं जातं. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथं रक्त पोचत नाही तिथं हाडातून कळ उठते. मोठी माणसंसुद्धा त्या कळेनं गडाबडा लोळतात. ती सोसणारा मुलगा देवावर चिडला नसता तरच नवल. आपल्याकडं जनाबाईपासून भल्याभल्यांनी देवाशी भांडण मांडलंय, कोणी त्यांना अभक्त म्हटलं नाही. तुझा भाऊ भांडला आणि चौथ्या दिवशी कोणी न बोलावता परत गेला. त्याच्या भक्तीबद्दल याहून मोठी गोष्ट त्या मंडपात कोणाकडंच नसेल.

तू पत्रात आणखी एक लिहिलंयस, ते मी वरच्या मजकुरात घेतलं नाही. हिवाळ्यात दवानं खंजिरीचं कातडं सैल पडायचं, म्हणून तो ती शेगडीवर धरून तापवायचा. त्याच शेगडीवर तू तव्यात मीठ गरम करून त्याच्या खुब्याला शेकायला पुरचुंडी बांधायचीस. खंजिरी नीट तापली की नाही हे तो बोटानं वाजवून पाहायचा, आणि पुरचुंडी फार गरम नाही ना हे तू स्वतःच्या मनगटावर लावून पाहायचीस. हे बोल. असंच्या असं बोल. ‘थोर आत्मा’ वगैरे शब्द इतर वक्ते वापरतील, त्यांना वापरू दे.

आता आईचा प्रश्न. देवाच्या वतीनं मी उत्तर देणार नाही, तसा माझा अधिकार नाही. पण त्या प्रश्नाच्या खाली दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, तो मी अनेक आयांच्या तोंडून ऐकलाय : माझंच काही चुकलं का? त्याचं उत्तर मात्र देता येतं. हा आजार पाप-पुण्यानं येत नाही. आई-वडील दोघंही वाहक, म्हणजे एएस, असले की स्वतः ठणठणीत असतात, त्यांना पत्ताही नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे आजार असलेलं, निघण्याची शक्यता २५ टक्के असते. ना उपास कमी पडला, ना प्रार्थना. आईला हे शांतपणे, हात हातात घेऊन सांग, आणि एकदा सांगून भागणार नाही हेही लक्षात ठेव. शिवाय ज्यांना तुमचं घर गुरू मानतं ते तुकडोजी महाराज स्वतः कॅन्सरनं गेले, १९६८ साली, साठीही पुरी झाली नव्हती. तरी आजही त्यांच्या आश्रमाच्या गावी, मोझरीला, पुण्यतिथीला संध्याकाळी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, ते गेले त्या वेळी, लाखो माणसं आहे तिथं स्तब्ध उभी राहतात. आजारानं त्यांची भक्ती खोटी ठरली असं त्यातल्या एकालाही वाटत नाही. तुझा भाऊ त्या गर्दीत उभा राहिलेला आहे. आईला याची आठवण दे.

आजाराचं नाव घ्यायचं की नाही, इथं मी जरा थांबते. मला स्वतःला वाटतं की घ्यावं. विदर्भात हा आजार अनेक घरांत आहे आणि लपवालपवीमुळंच दोन वाहकांची लग्नं होत राहतात. पण ती बातमी एकट्या तुझी नाही, धाकटीचीही आहे. तिला कोणी विचारलंय का? तुझ्या अख्ख्या पत्रात तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. तिच्याशी बोल, आणि त्याआधी तिची तपासणी झाली आहे का ते बघ. नुसत्या सोल्युबिलिटी चाचणीवर, म्हणजे रक्ताच्या पहिल्या झटपट तपासणीवर, थांबू नका, त्यातून वाहक आणि रुग्ण असा फरक कळत नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पक्कं निदान करणाऱ्या चाचणीचा रिपोर्ट हवा. ती एए, म्हणजे वाहकही नाही आणि रुग्णही नाही, अशी असली तर पुढं भीतीच नाही. एएस असली तरी लग्नाला काहीच आडकाठी नाही, मुलगा एए असला की बाळाला हा आजार होत नाही. पत्रिका मागण्याआधी मुलाचा रक्ताचा रिपोर्ट मागा, बाबांना तेवढं पटवून दे. भाऊ कशानं गेला हे कळल्यावर जे घर पाठ फिरवेल, ते लग्नानंतर कळल्यावर तिला काय जगू देईल? तुझी स्वतःची तपासणीही राहिली असेल तर करून घे. याबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस.

धाकटी ‘नको’ म्हणाली तर मंडपात आजाराचं नाव घेऊ नकोस. ‘त्याला फार दुखायचं’ एवढं तरी म्हण. ते लपवायला सांगण्याचा हक्क कोणालाच नाही.

गावजेवणावरून बाबांशी भांडू नकोस. महाराजांनी मरणानंतरच्या खर्चावर किती कडक लिहिलंय हे मंडळातल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे, त्यांनाच बोलू दे. तुझं बोलणं बाबांना झोंबेल, त्यांचं झोंबणार नाही. पण बाबांना जेवणच घालायचं असेल तर घालू दे. ज्या लेकरासाठी वर्षानुवर्षं दवाखान्याची बिलं भरली, त्याच्यासाठी अजून काहीतरी करावं असं त्या माणसाला वाटतंय, बाकी काही नाही. कर्ज काढू नका, इतकंच.

त्या दिवशी संध्याकाळची प्रार्थना जेवणाआधी ठेवा आणि तू प्रार्थनेनंतर लगेच बोल. पंगती उठल्यावर कोणी ऐकत नाही. लिहून ने, कागद हातात असू दे, रडू आलं तर थांब, कोणी माईक काढून घ्यायला आलं तर देऊ नकोस. खंजिरी फोटोपुढं हार घालून ठेवू नका, मंडळातल्या एखाद्या पोराला वाजवायला द्या. आणि धाकटी हो म्हणाली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आत्ताच जाऊन विचार, त्या दिवशी सकाळी तुमच्या गावात सिकलसेलची तपासणी ठेवता येईल का. ऐन आठवड्यात सांगितलं तर माणूस मोकळा सापडत नाही.